वाघ्याची गाठ आणि कुंडीतली सदाफुली

२०२३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. चाळीच्या मोरीत वाघ्याला आंघोळ घालताना आमच्या धाकट्याच्या हाताला त्याच्या जबड्याखाली काहीतरी लागले. सुपारीएवढी गाठ. दुसऱ्या बाजूला चाचपले, तिथेही तशीच. दाबले तरी वाघ्या कण्हला नाही. संध्याकाळी नेहमीसारखी भाकरी खाल्ली, जिन्यावर भुंकला, आजीच्या पायाशी झोपला. मग काळजी कसली करायची?

वाघ्या म्हणजे काही उंची जातीचा कुत्रा नव्हे. सात वर्षांपूर्वी स्टेशनबाहेर भिजत पडलेले पिल्लू मुलांनी फ्रॉकच्या ओच्यातून घरी आणले, ते राहिले. कष्टकऱ्यांच्या घरात असाच कुत्रा येतो. त्याला कोणी विकत घेत नाही, पण तो घरातलाच एक होतो.

गाठीची बातमी चाळभर झाली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले हळद आणि चुन्याचा लेप लावा. कोणी म्हणाले गळू आहे, पिकू द्या. इस्पितळात नेऊ म्हटले तर शेजारच्या मावशींनी हातच धरला. "गाठीला सुई लावू नका बाई, कॅन्सर असला तर अंगभर पसरेल!" आम्ही घाबरलो. तीन आठवडे लेपात गेले. गाठी सुपारीच्या लिंबाएवढ्या झाल्या.

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. जवळच्या एका जनावरांच्या डॉक्टरांनी न तपासता "सूज उतरेल" म्हणून इंजेक्शन दिले आणि पंधरा दिवसांच्या बारीक गोळ्या लिहून दिल्या. त्याच आठवड्यात आमच्या एका नातेवाइकांनी गावाकडच्या वैदूची पुडी आणली. "कुत्रा काय, माणसाचाही कॅन्सर उतरतो," असे ते म्हणाले. पुडीचे पैसे थोरलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून गेले.

आठ दिवसांत गाठी गेल्या! हात फिरवला तर सापडेनात. आजीने पेढे वाटले. वैदूच्या पुडीचे आम्ही इतके गुण गायिले की चाळीतल्या आणखी तीन घरांनी ती मागवली. त्यातल्या एका घरी पुडी कुत्र्यासाठी नव्हती, आजोबांसाठी होती. ही गोष्ट आज लिहिताना आमची मान खाली जाते.

पाच आठवड्यांनी गाठी परत आल्या. या वेळी जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे, सगळीकडे. आम्ही पुडी दुप्पट केली. काही फरक पडला नाही. तेव्हा कुठे आम्ही वाघ्याला हातगाडीवर घालून मोठ्या इस्पितळात नेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठीला बारीक सुई लावली, काचेवर थेंब पसरवला, तपासायला पाठवला. लिम्फोमा निघाला. म्हणजे शरीरात जागोजागी असलेल्या रसग्रंथींचा कर्करोग. मग त्यांनी जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. बारीक गोळ्यांची चिठ्ठी पाहून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "ही प्रेडनिसोलोन आहे. स्टेरॉइड. लिम्फोमाच्या गाठी हिच्याने लगेच विरघळतात, पण थोड्या दिवसांसाठीच. आणि आधी नुसती हीच दिली, तर कॅन्सरच्या पेशी पुढच्या खऱ्या औषधांना दाद देईनाशा होतात."

म्हणजे गाठी गोळीने गेल्या होत्या, आणि पेढे आम्ही पुडीचे वाटले होते!

वाचकहो, हा लेख आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. वैदूची पुडी आणणारे नातेवाईक मायेनेच आले होते. पण माया आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला वाघ्याने शिकवले. ते तुमच्या घरी कामाला यावे, एवढाच हेतू.

लिम्फोमावर काहीच उपचार केला नाही, तर कुत्रा बहुधा महिना-दीड महिना काढतो. नुसत्या स्टेरॉइडवर दोनेक महिने. चार औषधे आलटून पालटून देण्याची एक पद्धत आहे, ती पाच-सहा महिने चालते. तिने बहुतेक कुत्र्यांच्या गाठी उतरतात आणि आयुष्य साधारण वर्षभर वाढते. काही कुत्रे दोन वर्षेही काढतात. पण पूर्ण बरे होणारे फार थोडे. डॉक्टरीणबाईंनी हे सगळे सरळ सांगितले, आकडा लपवला नाही आणि हमीही दिली नाही.

रात्री घरात बैठक बसली. थोरली म्हणाली, माझी फी भरायची राहिली तरी चालेल. आजी म्हणाली, चालणार नाही. पोरीचे शिक्षण मोडून कुत्रा वाचवायचा नाही, आणि पैशापायी कुत्र्याला तडफडतही ठेवायचे नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी महागडे औषध वगळून स्वस्तातली तीन औषधे घ्यायचे ठरले. त्यातले मुख्य औषध होते व्हिनक्रिस्टिन.

आता एक गंमत ऐका. आमच्या गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात सदाफुली आहे. तुमच्याही दारात असेल. बारा महिने फुलते, पाणी घालायला विसरलो तरी रागवत नाही. हे व्हिनक्रिस्टिन त्या सदाफुलीच्या पानांतून निघते!

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. जगात अनेक ठिकाणी तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देत. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी जमैकाहून आलेली पाने मधुमेहासाठीच तपासायला घेतली. साखर काही उतरली नाही. पण जनावरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झालेल्या दिसल्या. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. रक्ताच्या कर्करोगात तर याच पेशी बेसुमार वाढतात! त्या शोधातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य जगापुढे आले. त्याचे भावंड व्हिनक्रिस्टिन अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले आणि १९६३ साली तिथे मंजूर झाले. आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात जगभर हेच औषध दिले जाते.

यातून कोणी सदाफुलीची पाने वाटून कुत्र्याला पाजू नयेत. शेकडो किलो सुकी पाने लागतात तेव्हा कुठे चिमूटभर औषध निघते, आणि त्या पानांत दुसरी विषेही असतात. औषध झाले ते मोजल्यामुळे. किती द्यायचे, किती दिवसांनी, कोणाला नाही, हे सगळे तपासल्यामुळे. काढ्याचा दावा मधुमेहाचा होता, तो त्या तपासणीत टिकला नाही. गुण निघाला तो कोणाच्या ध्यानीमनी नसलेला. तपासले नसते तर दोन्ही कळले नसते.

म्हणून "झाडपाल्याचे की इंग्रजी?" हा प्रश्नच चुकीचा आहे. तपासलेले की न तपासलेले, हा खरा प्रश्न.

याच औषधाची दुसरी गोष्ट आमच्या गल्लीतली. काळी नावाची भटकी कुत्री आहे. मागच्या भागातून तिचे रक्त ठिबकत असे. लोक दगड मारून हाकलत, रोग लागेल म्हणत. वाघ्याच्या निमित्ताने डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी तपासून सांगितले की हा कुत्र्यांचा लागट कर्करोग आहे. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्याच्या अंगात रुजतात. माणसाला तो होत नाही. आपल्या देशातल्या भटक्या कुत्र्यांत हा रोग खूप आढळतो. रशियातले पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ साली एका कुत्र्याची अशी गाठ दुसऱ्यात लावून दाखवली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सांगितले की चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियातल्या एकाच कुत्र्यात उगम पावलेल्या पेशी आजवर या कुत्र्यातून त्या कुत्र्यात जगत आल्या आहेत.

आणि इतका जुना हा रोग व्हिनक्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा चार ते सहा इंजेक्शनांनी दहापैकी नऊ कुत्र्यांत बरा होतो! चाळीतल्या पोरांनी वर्गणी काढली. काळी पाच इंजेक्शनांत बरी झाली. आज ती आमच्याच जिन्याखाली झोपते. हिला कोणी पुडी दिली असती, तर ती रक्त गाळत मेली असती आणि आपण म्हणालो असतो, कॅन्सरच होता, काय करणार?

इथेच मेख आहे. कॅन्सर हा एक रोग नाही. काही गाठी पूर्ण बऱ्या होतात, काहींना वेळीच कापले की पुरते, काहींत फक्त दिवस वाढतात. कोणती गाठ हे सुईच्या तपासणीशिवाय कळत नाही. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती बहुतेक गाठींच्या बाबतीत निराधार आहे. आमचे सुरुवातीचे आठवडे त्या भीतीने खाल्ले.

वाघ्याच्या गाठी पुन्हा उतरल्या. त्याचे केस गळाले नाहीत. कुत्र्यांना औषधाची मात्रा बेताची देतात, कारण हेतू त्याचे दिवस सुखाचे जावेत हाच असतो. चार महिने तो जिना चढला, भुंकला, आजीची चपलाही पळवली. मग गाठी परत आल्या, आणि आमची थोरली रात्र रात्र फोनवर जगभरचे नवे उपाय शोधू लागली. तिने वाचलेले आणि डॉक्टरीणबाईंकडून पडताळून घेतलेले थोडे इथे देतो.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या जंगलात एक झाड आहे. त्याच्या बियांतून काढलेले द्रव्य कुत्र्यांच्या कातडीवरच्या मास्ट सेल नावाच्या गाठीत टोचतात. रीतसर चाचणीत एका टोचणीने चारांपैकी तीन कुत्र्यांची गाठ २८ दिवसांत नाहीशी झाली. युरोप आणि अमेरिकेत २०२० साली ते मंजूर झाले. झाडाचेच औषध, पण तपासलेले. आणि त्या एका प्रकारच्या गाठीपुरतेच. लिम्फोमाला त्याचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट अळंबीची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१२ साली प्लीहेच्या जीवघेण्या कर्करोगाच्या १५ कुत्र्यांना एका अळंबीचा अर्क दिला. काही कुत्रे अपेक्षेपेक्षा जास्त जगले. जगभर गवगवा झाला, डबे खपू लागले. पुढे जास्त कुत्र्यांवर गट पाडून चाचणी झाली. २०२२ साली निष्कर्ष आला की नेहमीच्या औषधापेक्षा अळंबीने जास्त फायदा दिसला नाही. पंधरा कुत्र्यांवरून गाडाभर आशा उभी राहते, ती अशी. पण ज्यांनी आधी आशा दाखवली, त्यांनीच पुन्हा तपासून आशा फोल ठरल्याचे जाहीर केले. आमच्या वैदूने पुडी कधी पुन्हा तपासली होती का?

लिम्फोमावर खास कुत्र्यांसाठी केलेले एक औषध अमेरिकेत २०२१ साली पूर्ण मंजूर झाले. तोंडातल्या मेलानोमा या कर्करोगावरच्या लसीलाही तिथे २०१० साली पूर्ण मंजुरी मिळाली, मात्र तिच्या गुणाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. आमच्या थोरलीने विचारले, "हे वाघ्याला मिळेल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ, आपल्या हातात ते नाही. आणि असते तरी महिना-दोन महिन्यांचाच प्रश्न होता." नाही म्हणणारा डॉक्टर वाईट नसतो, हेही पोरीला त्या दिवशी कळले.

कुत्र्यांवरच्या या प्रयोगांचे माणसावरही ऋण आहे. अस्थिमज्जा बदलण्याची विद्या ई. डोनल थॉमस यांनी वर्षानुवर्षे कुत्र्यांवर काम करून बसवली. त्यांना १९९० साली नोबेल मिळाले. हाडाच्या कर्करोगात मुलाचा पाय न कापता तो वाचवण्याच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेत कोलोरॅडोतल्या पशुवैद्यांच्या कामाची मोठी मदत झाली. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना अर्थात कोणी विचारले नव्हते. त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. कुत्र्यावर दगड उचलणाऱ्याने हे एकदा आठवावे.

मग खरा प्रयोग आणि फसवणूक ओळखायची कशी? आमच्या अनुभवाने चार प्रश्न विचारा. पहिला, हे औषध कोणत्या गाठीसाठी आहे? "सगळ्या कॅन्सरवर" असे उत्तर आले तर उठा. दुसरा, किती कुत्र्यांना दिले, किती बरे झाले, आणि न दिलेल्यांचे काय झाले? तिसरा, अपाय काय? "काहीच नाही" म्हणणाऱ्याने तपासलेच नाही असे समजा. चौथा, यात काय आहे ते लिहून देता का? खऱ्या चाचणीत लेखी संमती घेतात, धोका आधी सांगतात, मधेच सोडायची मुभा देतात. आणि हे लक्षात असू द्या की कर्करोग बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ सालच्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई केली. त्या कायद्यात जनावरांची औषधेही धरलेली आहेत.

घरच्यांसाठी थोडे व्यवहाराचे. महिन्यातून एकदा कुत्र्याच्या जबड्याखाली, खांद्यापुढे, काखेत, मांडीत, गुडघ्यामागे हात फिरवा. मादीची आचळे चाचपा. मादीचे ऑपरेशन लहानपणीच, डॉक्टरांना विचारून केले, तर स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो असे डॉक्टर सांगतात. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन असो की डायक्लोफेनॅक, मनाने देऊ नका. पोटात जखमा होऊन कुत्रा त्यानेच दगावतो. कांदा-लसणाचे काढे त्याच्या रक्ताला विषारी. गाठ जाळणारे मलम कातडी जाळते, मुळाला पोचत नाही. हळद, गोमूत्र, होमिओपॅथीच्या गोळ्या यांनी कुत्र्याचा कर्करोग बरा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. काही द्यायचेच असेल, तर डॉक्टरांना सांगून द्या, चोरून नको. व्हिनक्रिस्टिन शिरेतच जावे लागते, बाहेर गळाले तर मांस सडते. ते घरी कोणा कंपाउंडरकडून टोचून घेऊ नका. औषध चालू असताना दोन-तीन दिवस कुत्र्याचे मलमूत्र हातमोजे घालून साफ करा. गरोदर बाई आणि लहान मुले त्यापासून दूर असावीत.

मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून गरिबांच्या जनावरांना पाहत आले आहे. परळलाच सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरलाही आहे. न तपासलेल्या पुडीवर पैसा घालण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी एक सुईची तपासणी करून घ्या.

आता शेवटचे. फेब्रुवारीत वाघ्याने खाणे सोडले. श्वास जड झाला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे झोपवण्याचे इंजेक्शन सुचवले. घरात दोन तट पडले. आजीने पंचशीलातल्या पहिल्या शीलाची आठवण दिली, जीव घ्यायचा नाही. थोरली म्हणाली, करुणा म्हणजे त्याला असे घुसमटत ठेवणे का? एकमत झाले नाही. दोन दिवस वाद चालला, आणि तिसऱ्या पहाटे वाघ्या आजीच्या पायाशीच गेला. ते दोन दिवस त्याला चांगले गेले नाहीत. आजीने आणि थोरलीने, दोघींनीही नंतर ते कबूल केले, पण आपापले मत सोडले नाही.

कोणाचे बरोबर होते ते आम्ही सांगणार नाही. इतकेच सांगतो की हा विचार कुत्रा हिंडता-फिरता असताना करा, सगळ्यांनी मिळून करा, आणि वेदना कमी करणाऱ्या औषधांचे आधीच विचारून ठेवा.

त्यानंतर आम्ही एक काम केले. पुडी मागवलेल्या तिन्ही घरी गेलो आणि पेढे वाटले होते त्याच तोंडाने चूक सांगितली. आजोबांच्या घरचे रागावले, पण दुसऱ्या दिवशी त्यांना टाटा हॉस्पिटलात घेऊन गेले. आजोबांवर आता उपचार चालू आहेत. परवा त्यांच्या सुनेने आमच्या गॅलरीतल्या सदाफुलीची एक फांदी मागून नेली. काढ्यासाठी नव्हे, कुंडीत लावायला.